आई दाखवा! (पिल्लांचे कारखाने आणि आपण)

कानोसा

तीन जाहिराती होत्या. नावं तीन, फोन नंबर तीन. एकीत लॅब्रेडॉरची पिल्लं, दुसरीत पगची, तिसरीत पर्शियन मांजराची. 'घरगुती वातावरणात वाढवलेली' हे ठरलेलं वाक्य तिन्हींत. आणि तिन्ही फोटोंत पिल्लांच्या खाली फरशी एकच, निळी, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेली.

हे लक्षात आलं ते निव्वळ रिकामटेकडेपणामुळे. मैत्रिणीला पिल्लू घ्यायचं होतं म्हणून मी जाहिराती चाळत बसले होते. फरशी ओळखल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. घरगुती वातावरणात एका वेळी किती जातींच्या किती माद्या विणार?

आम्ही दोघी गिऱ्हाईक म्हणून जाऊन आलो. आत घेतलं नाही, फाटकाशीच थांबवलं. माणूस भलताच गोड बोलणारा. पाच मिनिटांत टोपलीतून चार पिल्लं आली. अंगाला शाम्पूचा घमघमाट आणि त्याच्या खालून येणारा दुसरा वास, मुताचा, डोळे चुरचुरावेत इतका उग्र. "आई कुठेय हो यांची?" म्हटल्यावर तो जरा थबकला. मग बऱ्याच वेळाने एक कुत्री दोरीला बांधून आणली. उजव्या कानाला खाच पडलेली. पिल्लं तिच्याकडे वळलीसुद्धा नाहीत. एक चुकून तिच्या पोटाखाली गेलं तर ती त्याच्यावर गुरगुरली. पोट वर ओढलेलं, सड कोरडे. पाजणाऱ्या आईचं पोट कसं असतं हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण काहीतरी खटकलं. "घरी विचारून कळवतो" म्हणून सटकलो.

सहा महिन्यांनी तीच खाचवाली बाई दुसऱ्या जाहिरातीत गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लांची आई म्हणून बसली होती.

मग आम्ही चौघींनी वही घातली. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास. जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट, फोन नंबर, जात, पिल्लं किती, वय काय सांगितलंय, मागे काय दिसतंय. फरशी, टॉवेल, टोपली, भिंतीवरची ओल, सगळं लिहायचं. अकरा महिने झाले. त्या एका फरशीवर आम्हाला निदान नऊ वेतं मोजता आली.

'आई दाखवा' ही मागणी काही आमची नाही. ब्रिटनमध्ये मार्क अब्राहम नावाचा पशुवैद्य आणि त्याच्या सोबतची साधीसुधी प्राणीवेडी माणसं वर्षानुवर्षं हेच विचारत राहिली. त्यांच्या मोहिमेचा चेहरा होती लूसी. वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून २०१३ साली सुटलेली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. पिंजऱ्यात बसून आणि विऊन विऊन तिचा कणा वाकडा झाला होता. २०१६ मध्ये ती गेली. पुढे तिच्या नावाने केलेल्या अर्जावर लाखाच्या वर सह्या पडल्या, २०१८ मध्ये संसदेत चर्चा झाली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये 'लूसीचा कायदा' लागू झाला. सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू दुकानदाराने, दलालाने विकायचं नाही. घ्यायचं तर पैदास करणाऱ्याकडूनच, जिथे जन्मलं त्या जागी, आईसोबत बघून. नाहीतर निवाऱ्यातून दत्तक.

मला यातली गंमत अशी वाटते की कायद्याने पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजत बसण्याऐवजी गिऱ्हाइकाला थेट आईसमोर नेऊन उभं केलं. या धंद्यात पिल्लू सगळ्यांना दिसतं, त्याचे फोटो निघतात, रिबिनी लागतात. आईचं तोंड कुणी बघत नाही, आणि जे काही हाल असतात ते तिचेच असतात.

तुमच्यापैकी कुणी असलं काही केलंय का? तक्रार, पाठपुरावा, काहीही. आणि हो, 'दत्तक घ्या' हे एक वाक्य लिहून कृपया पळू नका. :)

मांजरपाट

वाखुसा (वाचनखूण साठवली). मांजरांबद्दल कुणीतरी लिहा म्हणणार होते, मग म्हटलं आपणच लिहावं.

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. भाटीचं, म्हणजे मांजरीचं, गणित वेगळं आहे, तिचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. उजेड जास्त तास मिळाला की ती पुनःपुन्हा माजावर येते. म्हणजे खोलीत रोज चौदा तास दिवा जळत ठेवला की बारा महिने हंगाम. त्यात तिचं बीज सुटतं ते बोका लागल्यावरच, त्यामुळे लागवड फुकट जायची शक्यता कमी. काही भाट्या तर पिल्लं पीत असतानाच परत माजावर येतात. ज्याला नुसता हिशेबच करायचाय त्याच्यासाठी मांजर म्हणजे न थांबणारं यंत्र. एक खोली, एक ट्यूबलाइट, आणि मांजर भुंकत नसल्याने शेजाऱ्यांची तक्रारही नाही.

दुसरं, कान दुमडलेली मांजरं. स्कॉटिश फोल्ड. गोलमटोल चेहरा, घुबडासारखं दिसतं म्हणून लोक हरखतात. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सूझी नावाच्या मांजरीपासून ही जात निघाली. कान दुमडतो तो कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, दोषामुळे, आणि कूर्चा काय फक्त कानात असते का? पंजे, घोटे, शेपटीचे सांधे, सगळीकडे तोच दोष. म्हणजे कान दुमडलेलं प्रत्येक मांजर कमी-अधिक प्रमाणात सांध्यांचं आजारी. ते माणसासारखं टेकून, पाय पसरून बसतं ना, ज्याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो? बरेचदा पाय दुखतात म्हणून बसतं तसं.

ब्रिटनमधल्या मुख्य मांजर-नोंदणी संस्थेने या जातीची नोंदणी १९७०च्या दशकातच थांबवली. नेदरलँड्समध्ये पैदासच करू देत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी जोरात चालू आहे, आणि मागणी आपल्या लाइक्समधून तयार होते. मी स्वतः असे व्हिडिओ पुढे पाठवलेले आहेत, तेव्हा बोट माझ्याकडेही आहे.

खडूस

माणसांचे एवढे प्रश्न पडलेत आणि इथे चार बायका फरशा मोजतायत. चालू द्या.

कानोसा

@खडूस, रविवारी संध्याकाळी अर्धाच तास मोजतो. उरलेला आठवडा माणसांसाठीच असतो, त्यातली काही तुमच्यासारखी. या आपण.

सांजवात

लिहू की नको करत तीनदा पुसलं.

मी असं पिल्लू विकत आणलेलं आहे. तिथली अवस्था दिसत होती. पण ते कोपऱ्यात एकटं बसलेलं होतं, बाकीची अंगावरून उड्या मारत होती आणि हे मान खाली घालून. मला वाटलं याला इथून काढायलाच हवं. काढलं. घरी आल्यावर दोन दिवस छान होतं, तिसऱ्या दिवशी दूध तोंडाला लावलं नाही, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो, कुत्र्यांच्या आतड्याचा विषाणूचा आजार. सलाईन लावून डॉक्टरांकडे चार रात्री काढल्या. पाचव्या पहाटे गेलं. धाकट्याने त्याच्यासाठी बुटाच्या खोक्यावर नाव रंगवून ठेवलं होतं.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, दुसरं देतो ना बदलून." मिक्सर असल्यासारखं.

आता कळतं की मी एकाला सोडवलं नव्हतं. एक पिंजरा रिकामा करून दिला होता.

निवृत्त गोचीड

सांजवात, तुमचा दोष नाही. चाळीस वर्षं ढोरं-कुत्री-मांजरं तपासली, तेव्हा एवढं अधिकाराने सांगू शकतो.

पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. पिल्लू हसतखेळत हातात देतात आणि मरतं ते गिऱ्हाइकाच्या घरी. 'आमच्याकडे तर ठणठणीत होतं' हे वाक्य त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं.

कानोसा, तुमच्या निरीक्षणाला पुस्ती जोडतो. सहा आठवड्यांची पिल्लं असलेल्या कुत्रीचे सड लोंबते, ओढलेले असतात, अनेकदा पिल्लांच्या नखांचे ओरखडे दिसतात. पोटावरचे केस विरळ झालेले. अंगावर मांस कमी. घट्ट पोटाची, चकचकीत अंगाची 'आई' दाखवली तर ती मावशीसुद्धा नाही, भाड्याने आणलेली नटी आहे.

लसीचं कार्ड बघताना नुसते आकडे बघू नका. लसीच्या कुपीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर असतो, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. तिन्ही लसी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर समजून जा. आणि पाच आठवड्यांचं पिल्लू 'लहान आहे म्हणून लळा लागेल' सांगून गळ्यात मारतात त्याचं काय करावं! तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग शिकतं, त्यातला आई-भावंडांबरोबरचा काळ काढून घेतला तर चावायचं किती जोरात हे त्याला कोण सांगणार? पुढे 'चावरं निघालं' म्हणून सोडून देतात. ते सोडलेलंही शेवटी आमच्याच टेबलावर येतं.

चपट्या तोंडाच्या जातींविषयी एकच सांगतो. ब्रिटनमधल्या जातिवंत कुत्र्यांच्या एका पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरिअर या तिघांची ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियनने झालेली होती. डोकं मोठं, कंबर अरुंद, पिल्लू बाहेर येणार कुठून? ज्या जातीला विण्यासाठी शस्त्रक्रियेचं टेबल लागतं ती आपण हौसेने वाढवतोय. कारखान्यात हे टाके कोण घालतं ते विचारू नका, मी पाहिलेत ते टाके.

शेपूटवाला

मी ब्रीडर आहे. दगड हातात घेण्याआधी पूर्ण वाचा.

दोन माद्या आहेत माझ्याकडे. दोघी घरात, सोफ्यावर माझ्या आधी जाऊन बसतात. आळीपाळीने एकीला विऊ देतो, एखादं वर्ष तेही नाही. नितंबाचे एक्स-रे, हृदय, डोळे तपासल्याशिवाय लागवड नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घराबाहेर जात नाही आणि कधीही, कोणत्याही कारणाने नको झालं तर परत माझ्याकडे यायचं असं लिहून घेतो. आजवर तीन परत आली. एक अजून इथेच आहे, घोरतंय.

सुरुवातीला मीही चुका केल्यात. गिऱ्हाईक मागतं म्हणून सहाव्या आठवड्यात पिल्लं दिलीत. गोचीडसाहेब म्हणतात तसं त्यातलं एक चावरं निघालं, त्याच्या मालकांचे फोन अजून आठवतात.

आता मुद्दा. 'आई दाखवा' चांगलं आहे, पण पुरेसं नाही. नटी तुम्ही पाहिलीतच. कागदांवर तर अजिबात जाऊ नका. वंशावळीचे पेपर म्हणजे आजोबा-पणजोबांची नावं, तब्येतीचा दाखला नव्हे. कारखान्यातल्या पिल्लाचेही पेपर चोख असू शकतात.

मी असतो तर एकच प्रश्न विचारला असता: तुमच्या म्हाताऱ्या माद्या कुठे आहेत?

खरा पाळणारा तुम्हाला आत नेऊन दाखवेल, ही बघा बारा वर्षांची, बहिरी झालीय, त्या खुर्चीखाली झोपते. कारखानेवाला गडबडतो. "गावाला पाठवल्या", "मित्राला दिल्या". दहा वर्षं धंदा करणाऱ्याकडे सात वर्षांच्या वरची एकही मादी नसेल तर त्या गेल्या कुठे? या प्रश्नाचं उत्तर आयत्या वेळी रंगवून आणता येत नाही.

मांजरपाट

@शेपूटवाला, दगड खाली ठेवला. हा प्रश्न मी वापरणार.

आडवाट

एवढं सगळं माहीत आहे, पत्ता माहीत आहे, तर अकरा महिने वह्या कसल्या भरताय? रात्री चार जण जायचं, कड्या काढायच्या, गाडीत घालायचं, विषय संपला. मी यायला तयार आहे.

निवृत्त गोचीड

विषय तिथे सुरू होतो, संपत नाही. वीस कुत्री गाडीत घातलीत, त्यातल्या पाचांना पार्व्हो असेल तर गाडी, तुमचं घर आणि जिथे नेऊन ठेवाल ती जागा, सगळीकडे विषाणू. महिनोन् महिने जात नाही तो. गाभण माद्या पळापळीत पिल्लं टाकतील. तळमळ पोचली, पण उत्तर नाही.

कानोसा

आणि एक, @आडवाट. चोरीचा गुन्हा तुमच्यावर, कुत्री कायद्याने परत त्याच्याकडे, पुरावा म्हणून आम्ही जमवलेलं सगळं संशयास्पद. मला मोह झाला नाही असं नाही. दोनदा रात्री त्या रस्त्याने चक्कर मारून आले. भुंकण्याचा आवाज यायचा, पण ऐकून बघा कधी, अशा जागेचं भुंकणं वेगळं असतं. कुणावर तरी भुंकणं नसतं ते. एकसुरी, मिनिटाला तेवढंच.

अर्धविराम

कायद्याच्या बाजूने थोडं. (पेशा नाही, नाद आहे.)

लोकांना वाटतं कायदा आला की झालं. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. तिथे १९६६ पासून केंद्रीय प्राणी कल्याण कायदा आहे. त्यात पिंजऱ्याचं सूत्र दिलंय. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी इंचात घ्या, त्यात ६ मिळवा, वर्ग करा. झालं तेवढं चौरस इंच फरशीचं किमान क्षेत्रफळ. उंची म्हणजे डोक्याच्या वर ६ इंच. आता २४ इंची कुत्री घेऊन हिशेब करा: ३० बाय ३० इंच. एवढ्यात तिने आयुष्य काढलं तर ते त्या सूत्रानुसार कायदेशीर आहे. म्हणून 'आमच्याकडे परवाना आहे' या वाक्याला भुलू नये.

मिझुरी हे तिथलं कारखान्यांसाठी बदनाम राज्य. २०१० साली लोकांनी सह्या जमवून थेट मतदानाला ठराव लावला, पैदाशीची कुत्री ५० च्या वर ठेवायची नाहीत वगैरे. निसटत्या बहुमताने जिंकलाही. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ५० ची मर्यादा काढून टाकली.

उलट आल्बुकर्कीने २००६ मध्ये शहरापुरती दुकानातली विक्री बंद केली. एकटं शहर. मग दुसरं, मग तिसरं, आणि कॅलिफोर्नियाने २०१९ पासून राज्यभर नियम आणला की दुकानात फक्त निवाऱ्यातून, बचाव संस्थांकडून आलेलेच प्राणी ठेवायचे. तर कारखानेवाल्यांनी काय केलं असेल? बचाव संस्था काढल्या! कागदावर संस्था, आत तीच जातिवंत पिल्लं. मग २०२० मध्ये ती पळवाट बुजवायला आणखी एक कायदा करावा लागला. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकणं बंदच केलं.

नॉर्वेत तर प्राणीहित संघटना थेट कोर्टात गेली, श्वानसंघटना आणि पैदास करणाऱ्यांविरुद्ध. प्रश्न असा की जी जातच आजारी आहे तिची पैदास हा गुन्हा धरायचा की नाही. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरपुरता निकाल दिला की हो, हे कायद्याचं उल्लंघन आहे. (कॅव्हेलियरच्या कवटीत मेंदूला जागा अपुरी पडते आणि हृदयाची झडप लवकर बिघडते.) बुलडॉगच्या बाबतीत मात्र ते हरले.

भारतात २०१७ चे श्वान प्रजनन नियम आहेत. नोंदणी सक्तीची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादीला वर्षात एकाहून जास्त वेत नाही. पण नावातच श्वान. पैदास करणाऱ्या मांजरवाल्याला हे नियम लागू नाहीत, त्याच्यावर प्राणी-दुकानांच्या २०१८ च्या नियमांतून आणि क्रूरतेच्या मूळ १९६० च्या कायद्यातून जावं लागतं. मांजरपाटताईंच्या ट्यूबलाइटच्या खोलीला अजून कुणी हात लावलेला नाही.

अवांतर: 'परवाना दाखवा' म्हटल्यावर दुकानाचा परवाना दाखवणारे महाभाग असतात. पैदाशीची नोंदणी वेगळी.

खडूस

अर्धविरामांचा प्रतिसाद वाचला. २४ इंची कुत्रीचा हिशेब जमिनीवर खडूने काढून पाहिला. आमच्या घरी जी आहे ती त्यात आडवी झाली तर पाय बाहेर येतात. मागचं वाक्य मागे घेतो. नाव तेच ठेवतो.

कानोसा

उशिरा लिहितेय, पण सांगण्यासारखं काही असल्याशिवाय धागा वर काढायचा नव्हता.

तक्रार दिली. पहिल्यांदा दिली तेव्हा मी पाच पानी पत्र लिहिलं होतं, कळवळून, विशेषणं घालून. पोच घेतली नाही. महिन्याने गेले तर "कुणाकडे दिलं होतं?" कुणालाच आठवेना. रडू आलं, मग स्वतःचाच राग आला.

दुसऱ्यांदा एकच पान. तक्ता: तारीख, जात, पिल्लांची संख्या, फोन नंबर, फोटोतली खूण. खाचवाल्या कुत्रीचे दोन फोटो शेजारी शेजारी, दोन जातींची आई म्हणून. परवान्याची अट काय आणि आम्ही मोजलेली वेतं किती, एवढ्या दोन ओळी. सोबत एका पशुवैद्याचं पत्र, की फोटोतली मादी पाजणारी नाही. तीन गिऱ्हाइकांची सही असलेली निवेदनं, ज्यांची पिल्लं आठवड्यात मेली (सांजवात, तुमची कहाणी वाचून मी अशी माणसं शोधायला लागले). तीन प्रती, तिन्हींवर शिक्का. दर पंधरा दिवसांनी त्याच टेबलापाशी जाऊन तीच प्रत काढून "याचं काय झालं?" विचारायचं. चौथ्या फेरीला तिथले बाबा म्हणाले, "बसा, चहा घ्या, तुम्ही काही सोडणार नाही." सातव्या फेरीनंतर तपासणी निघाली.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. तीन थरांचे पिंजरे, तळाला जाळी, वरच्यांचं खालच्यांच्या अंगावर. एका पिंजऱ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लोखंड चाटून चाटून चकचकीत झालं होतं, बाकी सगळं गंजलेलं. पाहणाऱ्यांतला एक जण बाहेर येऊन बराच वेळ नुसता उभा होता.

निकाल अर्धामुर्धा. परवाना तूर्त रोखला, नऊ मोठ्या माद्या त्याने 'स्वखुशीने' सोडून दिल्या. बाकी जनावरं त्याच्याकडेच, सुनावणी चालू. आणि दोन महिन्यांत नवी जाहिरात दिसली. फरशी बदललीय, आता पांढरी आहे. टॉवेल तोच. वही चालू.

शेपूटवाला

नऊ माद्यांची सोय झाली का? दोन मी ठेवू शकतो. अट एकच, बाकीच्यांची नसबंदी कधी होणार ते लेखी द्या, नाहीतर त्या फिरून दुसऱ्या कारखान्यात जातील. पाहिलंय मी असं.

कानोसा

आधी नसबंदी, मगच कुणाच्या घरी. ठरवून तसंच केलंय. आठ जागी लागल्या, तुमच्या दोन धरून. खाचवालीला कुणी घेत नव्हतं. साधारण नऊ वर्षांची, दात नाहीत, आणि हाताकडे बघून मागे सरते.

सांजवात

ती माझ्याकडे आहे. कालपासून.

एक विचारायचं होतं. ती दाराशी मी टाकलेल्या सतरंजीवरून खाली उतरतच नाहीये. गुळगुळीत फरशीवर पाय ठेवला की बोटं फाकतात, थरथरते आणि परत सतरंजीवर. सगळा दिवस तेवढ्यातच बसते. बाहेर नेली तर गवतावरही तसंच. नखं वळून तळव्याला टेकलीत, ती कापून टाकू का?

निवृत्त गोचीड

नखं एकदम कापू नका. इतकी वाढलेली असतात तेव्हा आतली रक्ताची शीरही पुढे आलेली असते, भळाभळा रक्त येईल आणि ती तुमच्या हातावरचा होता नव्हता तेवढा विश्वास घालवून बसेल. दर आठवड्याला टोकापुरती, म्हणजे शीर हळूहळू मागे सरते. तळव्यात रुतलेलं एखादं असेल तर मात्र डॉक्टरांकडून काढून घ्या.

जन्मभर जाळीवर उभी राहिलीय, सपाट जमीन तिला नवी आहे. सतरंजीला जोडून दुसरी टाका, तिला जोडून तिसरी. रस्ता करा. ओढू नका.

सांजवात

केला रस्ता. घरातल्या सगळ्या सतरंज्या, दोन चादरी आणि धाकट्याची शाळेची शाल. आज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि तिथेच बसली, पुढची चादर धुवायला गेलीय म्हणून.

नाव अजून ठेवलेलं नाही. हाक मारली तर बघत नाही, पण चमचा वाजला की बघते.